डॉक्टर म्हणा!

ओळखीतले एक गृहस्थ पीएचडी आहेत. कुणी ‘काका’ म्हटलं की लगेच दुरुस्ती: “डॉक्टर म्हणा.” कुरिअरवाल्यालाही सोडत नाहीत! अहो, परिषदेत घ्या की म्हणवून, तिथे पदवीला काम असतं. त्या बिचाऱ्याला फक्त सही हवी असते.

ब्रिटनमधल्या सर्जन मंडळींची तऱ्हा नेमकी उलटी. सर्जनची परीक्षा उत्तीर्ण झाली की ‘डॉक्टर’ सोडून अभिमानाने ‘मिस्टर’ किंवा ‘मिस’ लावतात. पूर्वी लंडनचे सर्जन न्हाव्यांच्या संघात असत. विद्यापीठाची पदवी फिजिशियनकडे, यांच्याकडे नुसती उमेदवारी. १७४५ मध्ये न्हावी आणि सर्जन वेगळे झाले, ‘मिस्टर’ मात्र राहिलं.

हे सगळं मी गृहस्थांना मोठ्या उत्साहाने ऐकवलं. शांतपणे म्हणाले, “पण मी सर्जन नाही.”