ही चेरी तिकडे कुणी लावली?

दिवाळी झाली की मी उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरहून गुलाबी झाडांचे फोटो टाकते आणि लगेच पुण्या-साताऱ्याहून मेसेज सुरू होतात, अगं ही जपानी चेरी तिकडे कुणी लावली? तुम्ही इतक्या जणांनी विचारलंत म्हणून आज नीट लिहिते.

कुणीच नाही लावली. हे हिमालयातलंच रानटी झाड आहे, शास्त्रीय नाव प्रुनस सेरासॉइडिस, इकडे पय्यां म्हणतात नाहीतर पद्म. आणि पद्म म्हटल्यावर मलाच आधी कळलं नव्हतं, पण आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात पद्मकाष्ठ मिळतं ना, ते याचंच लाकूड. म्हणजे आपल्या आज्यांच्या काढ्यात हे झाड कधीच पोचलं होतं, फक्त फूल कुणी बघितलं नव्हतं.

जपानची साकुरा फुलते मार्च-एप्रिलमध्ये, वसंतात. पय्यां फुलतं ऑक्टोबर ते डिसेंबर, बाकी सगळं डोंगर सुकत चाललेलं असताना. पानं तेव्हा जवळजवळ नसतातच, नुसत्या फांद्या आणि पाच पाकळ्यांची फुलं, आणि खोड बघाल तर तांबूस चकचकीत, घासून ठेवलेल्या तांब्यासारखं, त्यावर आडवे पट्टे. थंडीच्या तोंडावर मधमाश्यांना दुसरं फारसं काही उरलेलं नसतं, मग सगळ्या याच्यावर येतात, झाडाखाली उभं राहिलं की डोक्यावर एकसारखी गुणगुण चालू असते. मला फुलांपेक्षाही ती जास्त आवडते, फोटोत ती येत नाही याचं खरंच वाईट वाटतं.

शेजारच्या आमा (इकडे आजीला आमा म्हणतात) याची वाळकी काटकीसुद्धा चुलीत घालू देत नाहीत. देवाचं झाड आहे म्हणतात. लग्नाच्या मांडवाला याच्या फांद्या लागतात, मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला आपले आंब्याचे डहाळे आठवले. फळं आंबट असतात, पक्षी खातात आणि बिया कुठेही टाकतात, आमच्या मागच्या दगडी बांधात तीन रोपं अशीच आलीत.

शिलाँगला 2016 पासून याच झाडाच्या नावाने चेरी ब्लॉसम फेस्टिव्हल होतो, तिथेही हीच रानटी चेरी. आणि जपानचंच म्हणाल तर तिकडे आतामी गावात नेपाळहून गेलेल्या बियांची झाडं आहेत, त्यांना ते लोक हिमालया-झाकुरा म्हणतात. ते मूळ गावाचं नाव लावतात आणि आपण इथे 'मिनी जपान' लिहितो, हे मला मनापासून खटकतं. पय्यां म्हणा की, किती छान नाव आहे.

यायचं असेल तर दिवाळीनंतर पंधरा दिवसांत या, आणि सकाळी दहाच्या सुमाराला झाडाखाली जा, ऊन चढलं की मधमाश्या येतात.