"एवढी थरथर तर असणारच": इंजिनाच्या कडक फाउंडेशनचा माझा अनुभव

"कडक रबर टाकलंय ना साहेब, मग एवढी थरथर तर असणारच." हे वाक्य एकाच गॅरेजमध्ये तीन आठवड्यांत मी चार वेळा ऐकले, आणि चौथ्या वेळी ते मला जवळजवळ पटलेही होते. त्याचा राग अजून गेलेला नाही.

गाडी २०११ ची पोलो १.६, मॅन्युअल. एरवी ती पुण्याच्या रहदारीत चालते आणि वर्षातून एकदा कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवे या रेस ट्रॅकवर जाते. तिथे दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की पुढची चाके थडथड उडत, आणि पाय काढला की इंजिन झुलल्याचा धक्का थेट गिअरच्या दांड्यापर्यंत येई. या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सचे वजन वरची दोन फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यांवर बसते ते रबरी आधार, पेलतात; खालचा डॉगबोन, म्हणजे इंजिनाला खालून धरणारा छोटा दांडा, वजन घेत नाही, तो फक्त झुलणे रोखतो. त्याच्या रबरातल्या पोकळ्या भरून ते कडक करणारा पॉलियुरेथेनचा (रबरासारख्या प्लास्टिकचा) तुकडा मी मागवला, तो आला आणि गॅरेजवाल्यांनी अर्ध्या तासात बसवूनही दिला.

पहिल्याच सिग्नलला आरशात मागच्या गाडीची नंबर प्लेट वाचता येईना. ग्लोव्ह बॉक्सचे झाकण गुणगुणू लागले आणि एसी लावला की त्याचा सूर बदलू लागला. गॅरेजमध्ये परत गेलो, तर त्यांनी थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ केली. दुसऱ्या खेपेला स्पार्क प्लग बदलले, त्याचे पैसे अर्थातच माझे. तिसऱ्या खेपेला गाडी दिवसभर ठेवून घेतली आणि संध्याकाळी "आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिन फिरण्याचा वेग) वाढवून देऊ का?" असे विचारले. चौथ्या खेपेला बॉनेटसुद्धा न उघडता वरचे वाक्य ऐकवले.

त्या वाक्यात तथ्य होते, म्हणूनच ते इतके दिवस खपले. चार सिलेंडरच्या इंजिनात ७५० आरपीएमला (मिनिटाला ७५० फेऱ्यांना) सेकंदाला २५ स्फोट होतात. फाउंडेशनवर बसलेल्या इंजिनाची स्वतःची एक कंपनसंख्या असते आणि तिच्या सुमारे १.४ पटीच्या वरचीच थरथर रबर अडवू शकते. रबर कडक केले की ती संख्या वर सरकते आणि आयडलिंगची थरथर केबिनमध्ये शिरते. एवढे मी गृहीतच धरले होते. पण २००० आरपीएमला, सेकंदाला ६६-६७ स्फोट होत असताना, ती बरीच ओसरायला हवी होती. ती ओसरत नव्हती, आणि ही गोष्ट माझ्या लक्षात यायला तीन आठवडे लागले.

शेवटी एका रविवारी मित्राच्या मदतीने गाडी स्टँडवर चढवली आणि खाली शिरलो. तुकडा एका बाजूने पार चेपलेला होता आणि दुसऱ्या बाजूला नख शिरेल एवढी फट होती. इंजिन जॅकवर उचललेले असतानाच बोल्ट आवळले गेले होते. जॅक काढल्यापासून ते रबर सतत ताणाखाली होते. बोल्ट सैल केले, इंजिन हाताने पुढे-मागे हलवून त्याच्या जागी बसू दिले आणि नवे बोल्ट टॉर्क पान्याने, म्हणजे पिळाचा जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळले. हे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. ठरलेल्या टॉर्कनंतर त्यांना आणखी पाव फेरा द्यावा लागतो. काम वीस मिनिटांचे निघाले.

खरे तर सर्वांत आधी सांगायला हवे होते ते असे, की कडक तुकडा मागवण्यापूर्वी जुनी फाउंडेशन फाटलेली नाहीत ना, हे पाहून घ्यावे. हँडब्रेक लावून, ब्रेक दाबून, पहिल्या आणि रिव्हर्स गिअरमध्ये क्लच किंचित सोडायचा आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून उघड्या बॉनेटमधून इंजिन किती उचलते ते पाहायचे.

कडकपणाबद्दल माझे मत आता पक्के आहे. रोजच्या गाडीत फक्त खालचा तुकडा बदलावा, तोही शोर ए या रबराचा कडकपणा मोजणाऱ्या मापावर ७० च्या आसपासचा, आणि वरची दोन फाउंडेशन कंपनीचीच राहू द्यावीत. ९५ चा तुकडा आतले सामान काढलेल्या, निव्वळ ट्रॅकवरच्या गाडीलाच शोभतो. बाराशे किलोमीटर चालवत घरी परतायचे असेल, तर त्याचा मोह टाळावा.

यंदा कोइमतूरला चाकांचे उडणे स्पष्ट कमी झाले. एसी लावून सिग्नलला थांबलो की ग्लोव्ह बॉक्स मात्र अजून किंचित गुणगुणतो. त्याच्या फटीत मी एक जुनी टोलची पावती दुमडून खुपसली आहे.