आईची दाढ आणि उशाची खडीसाखर

आईचे दात म्हणजे आमच्या घरात कौतुकाचा विषय, एकाहत्तराव्या वर्षीही अख्खी सुपारी फोडणारी बाई, त्यामुळे गेल्या महिन्यात गार पाण्याने दाढ ठणकतेय म्हणाली तेव्हा कोणी सिरियसली घेतलंच नाही. डेंटिस्टने आरसा धरून दाखवलं, दाढ वरून ठणठणीत, कीड हिरडीला लागून, मुळावर! तरुणपणी बरीच वर्षं मशेरी लावायची, हिरड्या सरकल्या आणि मूळ उघडं पडलं.

आई म्हणे किडाच असणार. तिच्या लहानपणी गावात रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे ‘पाडायचे’ आणि ते तिने स्वतः पाहिलेत (बियांचेच तुकडे असणार, पण वाद कोण घालणार).

तर किडा वगैरे काही नाही, सगळा बॅक्टेरियाचा उद्योग. दाताच्या वरच्या भागावर इनॅमल असतं, वजनाने जवळपास ९६ टक्के खनिज, ते विरघळायला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त) ५.५ च्या आसपास उतरावा लागतो. मुळावर इनॅमल नाहीच, नुसतं सिमेंटमचं पातळ आवरण आणि आत डेंटिन, म्हणजे दाताचा मऊसर गाभा, ते साधारण ६.२ ते ६.७ लाच विरघळायला लागतं, म्हणजे इतक्याशा ॲसिडनेही काम तमाम. पूर्वी याचं खापर मुख्यतः ॲक्टिनोमायसिस नावाच्या बॅक्टेरियावर फोडायचे, आता तपासलं तर स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, लॅक्टोबॅसिलस, बिफिडोबॅक्टेरियम, कधी कॅन्डिडा बुरशी, असा अख्खा गोतावळा निघतो. हे साखर खातात, ॲसिड सोडतात, खनिज गेलं की आतली कोलॅजनची (प्रथिनाची) जाळी उघडी पडते आणि मग ती एन्झाइम्स कुरतडतात, त्यातही गंमत म्हणजे बरीचशी एन्झाइम्स आपल्याच लाळेतली आणि डेंटिनमधली, पक्के घरभेदी.

पण आईच्या तोंडात ही मंडळी एवढी माजली कशी? ॲलर्जीच्या गोळीने तिचं तोंड कोरडं पडतं, म्हणून उशाशी खडीसाखरेची डबी, रात्री जाग आली की एक खडा गालात. झोपेत लाळ आधीच कमी, ॲसिड धुऊन काढायला कोणी नाही, आणि वर ही रात्रभर पंगत.

डेंटिस्टने फिलिंग केलं, फ्लोराइड वार्निश लावलं, गोळीचं फिजिशियनला विचारा म्हणाले. उशाशी आता पाण्याची बाटली आहे. डबी मी देवघरात ठेवली, तर आता दिवसातून चारदा प्रसाद घेते.