मंगळवारचा बॅकअप शुक्रवारी गायब: प्रूनचं कोडं अखेर सुटलं

मागच्या वेळी लिहिलं होतं की रिटेन्शन (कोणता बॅकअप किती काळ ठेवायचा) बसवून झालं, आता फक्त ऑफसाइट (दुसऱ्या ठिकाणची प्रत) उरलंय. ते मागे घेतो. गेला आठवडा एकाच प्रश्नात गेला, आणि तो प्रश्न तुमच्यापैकी कोणाच्याही घरी दबा धरून बसलेला असू शकतो.

सेटअप तोच आहे: जळगावला माडीवर प्रॉक्समॉक्सचा एक नोड (व्हीएम चालवणारं मशीन) आणि शेजारी जुन्या डेस्कटॉपवर पीबीएस, म्हणजे प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर. व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, तीन. १०१ घरचं किरकोळ, १०२ फोटो-फाइलींचं ५०० जीबीचं, आणि १०३ म्हणजे मामांच्या कृषी केंद्राचं बिलिंग. तिन्ही एकाच जॉबमध्ये, पहाटे ५ ला. मे महिन्यात दुपारी पारा ४४-४५ वर गेला की माडीवर डिस्क ५४ अंश दाखवते, म्हणून पहाटेची वेळ. कीप-लास्ट ३, कीप-डेली ७, कीप-वीकली ४, कीप-मंथली ६: म्हणजे शेवटचे तीन, शिवाय सात दिवसांचे, चार आठवड्यांचे आणि सहा महिन्यांचे प्रत्येकी एक. यात न बसणारे बॅकअप प्रून उडवतं; त्या जॉबची वेळ नुसती 'डेली'.

शुक्रवारी, १३ जूनला दुपारी मामांचा फोन. "सोमवारनी उधारी कोठे गयी रे भाचा?" मृग लागलेला, कपाशीच्या बियाण्याची गर्दी, आणि मंगळवारी सकाळी दुकानातल्या पोराच्या हातून सोमवारच्या उधारीच्या सगळ्या नोंदी डिलीट झालेल्या. मी म्हटलं, मामा, काळजी नको, मंगळवार पहाटेचा बॅकअप आहे. उघडून बघतो तर सोमवार आहे, बुधवार आहे, मंगळवार नाही. सोमवारच्या बॅकअपमध्ये त्या नोंदी अजून झालेल्या नव्हत्या आणि बुधवारच्यात त्या उडालेल्या होत्या. पाहिजे होता तो नेमका मंगळवारचाच.

आधी वाटलं बॅकअप झालाच नसेल. टास्क लॉग म्हणतो झाला, व्यवस्थित झाला. मग प्रूनचा लॉग काढला. शुक्रवारी पहाटे साडेपाचला तो उडवला होता. मामांच्या फोनच्या जेमतेम सात तास आधी.

गार्बेज कलेक्शन (उडवलेल्या बॅकअपची जागा मोकळी करणं) व्हायचं होतं, म्हणजे चंक, डेटाचे तुकडे, सगळे डिस्कवर तसेच पडलेले. पण .चंक्समध्ये ६५,५३६ फोल्डर, आत फाइलींची नावं म्हणजे हॅश (काही अर्थ न लागणारे अंक-अक्षरं), आणि कोणता तुकडा कोणत्या जागी जोडायचा हे सांगणारी इंडेक्स फाइल तर प्रूनने पुसलेली. माल गोदामात आहे पण पावती नाही, अशी गत. तिथे हात टेकले. संध्याकाळी दुकानात जाऊन बिलबुकाच्या कार्बन प्रतींवरून मामा वाचत गेले आणि मी टाइप करत गेलो, ४१ नोंदी. सगळ्या मिळाल्या.

पण कीप-डेली ७ असताना तीनच दिवसांपूर्वीचा बॅकअप जातो कसा? प्रून सिम्युलेटरमध्ये हेच आकडे टाकले, तिथे सगळं बरोबर. हे साधन मला फार आवडतं, पण ते आपण दिलेलं वेळापत्रक धरून चालतं आणि माझं खरं वेळापत्रक वेगळं होतं, हे रात्री बाराला उमगलं. लॉगमध्ये १०३ च्या दोन ओळी एकाखाली एक होत्या: १० तारीख ००:५७, रिमूव्ह. १० तारीख २३:३७, कीप. ९ तारखेची ओळच नाही.

पीबीएस स्नॅपशॉटची (एकेका बॅकअपची) नावं नेहमी यूटीसीत (आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे) दाखवतं, मागे झेड लावून. त्याची सवय झाल्याने मी लक्ष देणं सोडलं होतं. पण प्रून दिवस मोजतं ते सर्व्हरच्या स्थानिक वेळेने, आणि माझ्या पीबीएसची स्थानिक वेळच यूटीसी राहिली होती. म्हणजे त्याचा दिवस बदलतो आपल्या पहाटे साडेपाचला. 'डेली' प्रून मध्यरात्रीऐवजी साडेपाचला चालतंय हे मी महिनाभर बघत होतो. तेव्हाच कळायला हवं होतं.

एरवी १०३ चा नंबर ५:०७ ला लागतो, म्हणजे आदल्या दिवशीचे २३:३७. सोमवारी रात्री वादळी वाऱ्यात लाईट गेली, यूपीएस वीस मिनिटांत बसला. व्हीएम चालवणारी क्यूईएमयूची प्रोसेस मेली की डर्टी बिटमॅप (मागच्या बॅकअपनंतर डिस्कवर काय बदललं याची नोंद) जातो, मग १०२ ची डिस्क पूर्ण वाचावी लागते. त्यात सव्वा तास गेला आणि १०३ सुरू झालं ६:२७ ला, म्हणजे त्याच तारखेचे ००:५७. बुधवारचा नेहमीसारखा ५:०७ ला. यूटीसीच्या हिशेबाने एका दिवसात दोन, आणि डेली दिवसातला शेवटचा ठेवतं. कीप-लास्ट ३ ने मंगळवारला गुरुवारपर्यंत सांभाळलं, शुक्रवारी तो त्या तिनांतून बाहेर पडला आणि गेला. म्हणजे लाईट गेलेल्या रात्रीनंतरचा बॅकअप दर वेळी असाच उडत होता. मागचे लॉग तपासले, मे महिन्यात दोनदा हेच झालंय.

उपाय एका ओळीचा. टाइमडेटसीटीएल या कमांडने टाइमझोन एशिया/कोलकाता लावलं, मशीन रीबूट केलं. मग मुद्दाम १०२ आणि १०३ बंद करून बिटमॅप घालवला, जॉब उशिरा जाऊ दिला, चौथ्या दिवशी प्रूनचा लॉग उघडला: कीप, कीप, कीप, कीप. त्या चार ओळींचा स्क्रीनशॉट मी जपून ठेवलाय.

१०३ चा जॉबही वेगळा काढला, रात्री साडेनऊला, दुकान बंद झाल्यावर. बिटमॅप शाबूत असला की १२० जीबीच्या डिस्कमधून दीड-दोन जीबी जातं, दोन मिनिटांत काम. इतकं स्वस्त पडतंय तर दुपारी दोनलाही एक घेता येईल, जेवणाच्या सुट्टीत. हे लिहिता लिहिताच सुचलं, आजच लावतो. दिवसाला दोन झाले की कीप-लास्ट ६ करावं लागेल.

यूपीएसच्या मोठ्या बॅटरीवर खर्च करायचं ठरलं होतं. आता ते पैसे आधी ऑफसाइटला. अमळनेरला मावशीकडे दुसरं पीबीएस, तिकडून पुल सिंक (तिकडचं मशीनच प्रती ओढून घेणार), आणि रिमूव्ह व्हॅनिश्ड (इकडून गेलेलं तिकडेही काढणं) बंदच. म्हणजे इकडे प्रूनने काही उडवलं तरी तिकडची प्रत राहते, तिकडचं रिटेन्शन वेगळं. डिस्क गोलाणी मार्केटमधूनच घेईन, पण सीएमआर (साध्या, वेगळ्या ट्रॅकची) आहे ना हे मॉडेल नंबरवरून तपासून. एसएमआरवर (ट्रॅक एकमेकांवर चढवलेल्या, लिहायला संथ डिस्कवर) गार्बेज कलेक्शन एकदा भोगलंय, पुन्हा नाही.

तुमच्या पीबीएसवर आज एकदा टाइमडेटसीटीएल चालवून बघा, विशेषतः पीबीएस कंटेनरमध्ये असेल तर. काय दिसलं ते मला सांगा.