कपाशीचं अर्थसाहाय्य आणि सामाईक खात्याची सही

राज्य सरकारच्या खरीप 2023 च्या कापूस-सोयाबीन अर्थसाहाय्याचं वाटप 30 सप्टेंबर 2024 ला सुरू झालं. माझं डिसेंबरपर्यंत लटकलं, तेही एका ना-हरकत पत्रापायी.

20 गुंठ्यांच्या आत सरसकट 1,000 रुपये, त्यापुढे हेक्टरी 5,000, मर्यादा 2 हेक्टर, असा दर होता. म्हणजे 80 आर (जवळपास दोन एकर) कपाशीला 4,000. एकरी दोन हजारात आमच्याकडे वेचणीची मजुरीही सुटत नाही. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 7,020 होता आणि खेडा खरेदीवाले त्याच्या खालीच बोलत होते. असो, हक्काचे पैसे सोडायचे कशाला?

सातबारा एकट्याच्या नावावर असेल तर आधार वापरू देण्याचं संमतीपत्र भरून कृषी सहायकाकडे दिलं की विषय संपत होता. खानदेशात मात्र वडील गेल्यावर वारस नोंद होते, वाटणी राहून जाते. खातं सामाईक, पैसे एकाच्या खात्यावर, त्यामुळे बाकी सगळ्यांची ना-हरकत लागते. भावांच्या सह्या एका संध्याकाळी होतात. बहीण सुरतला, आणि सातबाऱ्यावर नाव माहेरचं, आधारवर सासरचं. पत्र इथेच परत आलं.

पहिल्यांदा सांगितलं, सही नाही. सही आणली तर नाव जुळत नाही. नाव जुळवलं तर नोटरी कुठंय? तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी एका चिठ्ठीवर लिहून दिल्या असत्या तर सुरतच्या दोन खेपा वाचल्या असत्या. टेबलावरच्या माणसाला ते सुचलं नाही, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही, हे कबूल.

मार्ग असा. 'माहेरचं नाव आणि सासरचं नाव एकाच व्यक्तीचं' असं प्रतिज्ञापत्र बहिणीकडून करून घ्या, सोबत विवाह नोंदणीचा दाखला किंवा लग्नपत्रिका आणि आधारची प्रत. पत्रावर गट नंबर आणि खाते नंबर 8-अ वरूनच (खातेउताऱ्यावरूनच) उतरवा. गट फुटलेला असेल तर 12/1, 12/2 असा पूर्ण. नावं सातबाऱ्यावर आहेत तशीच, आडनावासकट. एखादा खातेदार मयत असेल तर आधी तलाठ्याकडे वारस नोंद करा, त्याशिवाय पत्राला अर्थ नाही. देताना पोच घ्या, तारखेसकट. माझ्याकडे पहिल्या पत्राची पोच नव्हती, म्हणून 'तुम्ही दिलंच नाही' हेही ऐकून घेतलं.

ई-केवायसीचं, म्हणजे आधारवरून ओळख पटवण्याचं, सांगायचं राहिलं. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवरच येतो. नंबर बंद असेल तर सेतू केंद्रात अंगठा द्या. कपाशी निंदून-वेचून घासलेला अंगठा पहिल्या झटक्यात लागत नाही. हात धुऊन, पुसून, दुसरं बोट लावून बघा.

पैसे आधारला सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, पासबुकाची झेरॉक्स कुठलीही दिलेली असो. सिमकार्डवाल्याने कधी अंगठा घेऊन खातं उघडलं असेल तर रक्कम तिथे पडून असेल. *99*99*1# लावून बँकेचं नाव बघा, आणि हे काम संमतीपत्र देण्याआधीच करा.

ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद करताना, सामाईक गटात प्रत्येकाने आपापल्या वाट्याचंच क्षेत्र टाकावं. एकाने पूर्ण गट नोंदवला की बाकीच्यांना शून्य दिसतं. ऑगस्टमध्ये कपाशी गुडघ्याएवढी असते, तेव्हाच गटात उभं राहून फोटो काढा. बांधावरून काढलेल्या फोटोत जीपीएस शेजारच्या गटात जातं.