बान्ह मी, प्रयत्न सहावा: पाव एकदाचा तडतडला

मंडळी, या वेळी बान्ह मीचा, म्हणजे व्हिएतनामी सँडविचचा पाव ओव्हनमधून बाहेर काढल्या काढल्या तडतडला. बारीक आवाज, फोडणीतली मोहरी शेवटी शेवटी उडते ना, तसा. आधीचे पाच घाणे मुके होते.

माझं ऑफिस कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये, स्टोरी रोडजवळ. दुपारची सुट्टी अर्ध्या तासाची, आणि तेवढ्यात जाऊन, घेऊन, खाऊन परत येता येईल असं जेवण म्हणजे व्हिएतनामी सँडविचच्या दुकानातला बान्ह मी. मी बहुतेक वेळा 'डाक बिएत' घेतो, म्हणजे स्पेशल: लिव्हरचा पाटे (पावाला फासायचा मऊ गोळा), चा लुआ (पोर्कचं वाफवलेलं सॉसेज), पोर्कचे थंड काप, वर काकडी, मिरची, कोथिंबीर आणि मुळा-गाजराचं आंबटगोड लोणचं, डो चुआ. काउंटरवरच्या मावशी दोन मिनिटांत कागदात गुंडाळून रबर लावून हातात देतात. अशी घाई या पदार्थाच्या जन्मापासूनचीच. व्हिएतनाममध्ये फ्रेंचांच्या काळात पाव आणि मांसाचे काप ताटलीत वेगवेगळे येत. व्हिएतनामच्या १९५४ च्या फाळणीनंतर उत्तरेतून सायगॉनला आलेल्या एका जोडप्याने १९५८ मध्ये 'होआ मा' हे दुकान काढलं. बसून खायला वेळ नसलेल्या गिऱ्हाइकांसाठी त्यांनी सगळं पावातच भरून द्यायला सुरुवात केली असं सांगतात. आपल्या वडापावाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता पाव. पहिल्या तीन प्रयत्नांत मी पिठात पाचवा हिस्सा तांदळाचं पीठ घातलं, कारण 'खरी कृती' म्हणून जिथेतिथे तेच वाचलं होतं. निघाले ते दगड. तांदळात ग्लुटेन (गव्हाच्या पिठाला ताण देणारं प्रथिन) नाही, मग पाव फुगणार कशाच्या जोरावर? चौथ्यापासून निव्वळ ब्रेड फ्लॉवर, म्हणजे जास्त ग्लुटेनचं गव्हाचं पीठ. सध्याचं माप: २५० ग्रॅम पीठ, १६० ग्रॅम पाणी, ४ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ५ ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम साखर, १० ग्रॅम तेल. चार पाव होतात.

आणि व्हिटॅमिन सी! याने ग्लुटेन घट्ट होतं, पाव भरपूर फुगूनही बसत नाही. पण लागतं चिमटीच्याही चिमटीएवढं, १०-१५ मिलिग्रॅम. तेवढं घरच्या काट्यावर कसं मोजणार? ५०० मिलिग्रॅमची साधी गोळी (संत्र्याच्या चवीची नको, ती चूकही करून झाली) कुटून १०० ग्रॅम पिठात नीट मिसळा. त्यातलं ३ ग्रॅम पीठ घेतलं की झालं १५ मिलिग्रॅम. उरलेली बाटली लेबल लावून ठेवा. आमच्याकडे तिच्यातल्या दोन चमचे पिठाची धिरडी झाली आहेत.

खरी फजिती वाफेची होती. भाजण्याआधी पावावर ब्लेडने मारलेली चीर पडायची, पण ओव्हनमध्ये उघडायची नाही, कारण पावाची वरची साल आधीच वाळून जायची. या वेळी ओव्हनच्या तळाशी बिडाचा तवा तासभर तापू दिला, पाव आत सरकवल्यावर त्यात कपभर उकळतं पाणी ओतलं आणि दार झटकन लावलं. २३० अंश सेल्सिअस, दहा मिनिटं. मग तवा काढून आणखी आठ. ब्लेड उभं न धरता तिरकं धरलं. चिरेची कड ओठासारखी वर आली.

डो चुआ केव्हाच जमलंय. मुळ्याच्या कांड्या मीठ-साखरेत चोळायच्या, आणि वाकवल्यावर मोडेनाशा झाल्या की धुऊन व्हिनेगरच्या पाण्यात. डबा ऑफिसच्या फ्रिजमध्ये मात्र उघडू नका. मुळा तो मुळाच, वास लपत नाही.

अजून खटकतंय ते साल. दुकानाचा पाव दाबला की चुरा होऊन शर्टावर पडतो, माझा जरा चिवट राहतो. सातव्या वेळी पाणी तेच ठेवून शेवटची पाच मिनिटं ओव्हनचं दार चमचा अडकवून किलकिलं ठेवणार आहे. कुणी करून पाहिलं असेल तर शनिवारच्या आत सांगा, त्या दिवशी सहा जण जेवायला आहेत.