शिकागोजवळच्या ख्रिश्चन कॉलेजात अमळनेरची पोरगी नेमकं काय शिकते

इंजिनिअरिंगला गेलेल्या पोराला कुणी विचारत नाही की बाबा तू तिकडे काय शिकतो. मला मात्र गावाकडचं प्रत्येक माणूस विचारतं. आत्याचा फोन आला की पहिलं "थंडी वाजस का?" आणि लगेच "तू तठे काय शिकी ऱ्हायनी?" मी सांगते, इंटरकल्चरल स्टडीज, म्हणजे वेगळ्या भाषेच्या, वेगळ्या रीतीच्या लोकांमधे जाऊन काम कसं करायचं त्याचा अभ्यास. मग पलीकडून जरा वेळ काहीच येत नाही, आणि मग आवाज एकदम खाली आणून, "बाटी तं नही गई ना?"

नाही गेले आत्या. कॉलेज ख्रिश्चन आहे, मी नाही. इथे अशी कॉलेजं भरपूर आहेत आणि सगळी सारखी नाहीत हे आधी समजून घ्या. काही ठिकाणी विद्यार्थ्यालाच माझी येशूवर श्रद्धा आहे असं लिहून द्यावं लागतं, चर्चच्या पास्टरची चिठ्ठी लागते, तिथे आपण अर्जच करायचा नाही. काही ठिकाणी ही अट फक्त शिकवणाऱ्यांना, विद्यार्थ्यांनी नियम पाळले म्हणजे झालं. माझं कॉलेज दुसऱ्या प्रकारातलं. नियम काय तर दारू नाही, सिगरेट नाही, मुलांनी मुलींच्या होस्टेलला ठरलेल्या वेळेतच जायचं, चॅपलला म्हणजे कॉलेजच्या प्रार्थनासभेला हजेरी. अमेरिकन पोरं यावरून कुरकुर करतात, मला तर आमच्या अप्पांचे नियम याहून कडक वाटायचे. शिकागोच्या पश्चिमेला व्हीटन म्हणून नावाजलेलं कॉलेज आहे, 1860 सालचं, तिथे विद्यार्थ्यांच्या नाचण्यावरची बंदी 2003 मधे उठली. 2003! आपली वरातीतली पोरं तिथे एक सेमिस्टर टिकली नसती.

चॅपलमधे मी बसते. गिटार, ड्रम, स्क्रीनवर गाण्याचे शब्द, मग कुणीतरी बोलतं, कधी छान बोलतं कधी झोप येते. प्रार्थनेच्या वेळी सगळे डोळे मिटतात, मी पण मिटते, माझं मी काय म्हणायचं ते म्हणते. कुणी जबरदस्ती केली नाही. प्रेमाने मात्र विचारतात, आणि दर सेमिस्टरला नवीन कुणीतरी विचारतं, त्याचा कंटाळा येतो हे खरं.

आता हा विषय ख्रिश्चन कॉलेजांतच एवढा का फोफावला? कारण गरज आधी त्यांनाच पडली. आणि गंमत म्हणजे या सगळ्या भानगडीची मुळं आपल्या मराठी मुलखात घट्ट रुतलेली आहेत हे मला इथे येऊन कळलं, शाळेत कुणी सांगितलं नाही. अमेरिकेतून समुद्रापार गेलेले अगदी सुरुवातीचे मिशनरी 1813 मधे मुंबईत येऊन राहिले, 1831 मधे त्यांचं काम अहमदनगरला पोचलं. पुढे 1886 च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे कॉलेजच्या पोरांचं शिबिर भरलं, तिथे शंभर जणांनी आम्ही परदेशात मिशनरी म्हणून जाऊ असं लिहून दिलं, त्यातून मोठी चळवळ उभी राहिली आणि हजारो तरुण जगभर गेले. या शिबिरात पोरांच्या मागे लागून सह्या मिळवणारा रॉबर्ट वाइल्डर हा 1863 मधे कोल्हापुरात जन्मलेला! त्याचे वडील रॉयल वाइल्डर कोल्हापूरला मिशनरी होते, आणि हे तेच वाइल्डर ज्यांना आनंदीबाई जोशींच्या गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागणारं पत्र लिहिलं होतं. त्यांनी ख्रिस्ती व्हा असं उत्तर दिलं आणि पत्रव्यवहार स्वतःच्या मासिकात छापून टाकला. तो न्यू जर्सीतल्या कार्पेंटर बाईंनी वाचला, त्यांना वाईट वाटलं, त्यांनी स्वतः पत्र लिहिलं, आणि आनंदीबाई 1883 मधे अमेरिकेला निघाल्या, 1886 च्या मार्चमधे डॉक्टर झाल्या. धर्म न बदलता. म्हणजे आत्याचा प्रश्न जुनाच आहे आणि त्याचं उत्तरही एका मराठी बाईने तेव्हाच देऊन ठेवलंय.

आपल्या खानदेशचाही धागा आहे. फ्रेड्रिक फ्रान्सन नावाच्या स्वीडिश माणसाने 1890 मधे शिकागोत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन काढलं, त्यांची माणसं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खानदेशात येऊन राहिली, म्हणजे आजचा धुळे-नंदुरबारचा पट्टा. नवापूरकडे जी चर्च दिसतात, चिंचपाड्याचं जे ख्रिश्चन हॉस्पिटल आहे, ते या मिशनच्या काळातलं. आपल्याकडे शिकागो म्हटलं की 1893 आणि विवेकानंद. त्याच सुमाराला त्याच गावात पुढे खानदेशात माणसं पाठवणारं मिशन उभं राहत होतं हे कुणाच्या डोक्यात नसतं, माझ्याही नव्हतं.

तर हे लोक जगभर गेले, भाषा शिकले, शब्दकोश केले, शाळा दवाखाने काढले, आणि पुष्कळ ठिकाणी सपशेल आपटले पण, कारण समोरच्याचं जग त्यांना कळलंच नव्हतं. मग मानववंशशास्त्र शिकायची गरज वाटली. कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, 1965 मधे यासाठी वेगळा विभागच निघाला, पहिले डीन डोनाल्ड मॅकगॅव्हरन, जन्म 1897, दमोह, मध्य प्रदेश. त्या विभागाच्या नावात आधी मिशन होतं, नंतर त्या जागी इंटरकल्चरल स्टडीज आलं, आणि असं नामांतर पुष्कळ कॉलेजांनी केलं. एक कारण असं की विषय खरंच मोठा झाला. दुसरं कारण असं की सर्टिफिकेटवर मिशन छापलेलं असेल तर निम्म्या देशांचा व्हिसा मिळायची मारामार. आमचे सर हे वर्गात उघड सांगतात. मला ते खटकतं आणि मी तसं म्हटलं पण, की ज्यांच्यात जायचं त्यांना आपण कोण ते नीट सांगायचं नाही आणि मग विश्वासावर तासभर लेक्चर द्यायचं हे कसं काय? वर्गात यावर चांगलंच वाजलं, अर्धी पोरं माझ्या बाजूने होती, सरांनी पुढचा तास त्यावरच घेतला. इथलं हे मला मनापासून आवडतं. आपल्याकडे असं बोलले असते तर इंटर्नलचे मार्क गेले असते.

अभ्यासक्रमात एडवर्ड हॉल येतो, जो दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन मुत्सद्द्यांना परदेशी जाण्याआधी शिकवायचा, वेळ कोण कशी पाळतं, बोलताना किती अंतर ठेवतं, न बोलता काय सांगतं असलं सगळं. ओबर्ग येतो कल्चर शॉकवाला, म्हणजे परक्या मुलखात गेल्यावर माणूस गांगरतो ते. हॉफस्टेड येतो, आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या सर्व्हेवरून अख्ख्या देशांना आकडे चिकटवणारा, भारतात म्हणे वरिष्ठांसमोर मान खाली. बरं. पण मला धरून ठेवलं ते पॉल हिबर्टने. हा माणूस 1932 मधे भारतातच जन्मला, आईवडील आंध्र-तेलंगणाकडे मिशनरी, तो स्वतः मिशनरी होता आणि पक्का मानववंशशास्त्रज्ञ पण. 1982 मधे त्याने एक लेख लिहिला, त्याचं म्हणणं थोडक्यात असं की पाश्चात्त्य शिक्षण घेतलेल्या माणसाच्या डोक्यात दोनच मजले असतात, वर देव, स्वर्ग, मोक्ष, आणि खाली विज्ञान, जंतू, औषध. मधला मजला रिकामा. आणि गावातला माणूस तर त्या मधल्या मजल्यावरच राहतो! पोराला नजर कुणाची लागली, यंदाच विहीर का आटली, देवीचा कोप आहे का, लग्न कुठल्या मुहूर्तावर. मिशनरी या प्रश्नांना उत्तरच देत नाही, हसतो किंवा अंधश्रद्धा म्हणून मोकळा होतो, मग लोक रविवारी चर्चला जातात आणि सोमवारी भगताकडे.

हे वाचलं आणि मला एकदम आपला श्रावण दिसला. आमच्याकडे कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट असतात, घरात बीएस्सी झालेले दोन काका, दोघांना गव्हाच्या पिठावर प्रक्रिया कशी होते ते पाठ, पण रोटाचं पीठ घराबाहेर जाऊ द्यायचं नाही म्हटलं की नाही. इथल्या वर्गात मी हे सांगितलं तर एका केनियन मुलीने लगेच तिच्या आजीचं सांगितलं, कोरियन मुलाने त्याच्या गावचं, आणि मिनेसोटाची पोरं वह्यांत लिहून घेत बसली. त्या दिवशी मधल्या मजल्यावर आम्ही तिघंच राहत होतो.

पण हिबर्ट खरा टोचतो तो दुसऱ्या कारणाने. मी जळगावला एमएसडब्ल्यू करताना फिल्डवर्कला सातपुड्यातल्या धडगावला होते. कुपोषणाचं काम. तळातून, म्हणजे शहाद्याहून, धुळ्याहून, कधी पुण्याहून टीम यायची, गाडीतून फ्लिपचार्ट निघायचा, पावरा आदिवासी बाया अंगणात बसायच्या, मराठीत अर्धा तास भाषण, आशाताई पावरीत दोन वाक्यांत उरकायची, फोटो, आणि अंधार पडायच्या आत गाडी घाट उतरायची. ना कुणी बाजाराचा वार बघून यायचं ना पेरणी बघून. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात मीटिंग ठेवली आणि कुणी आलं नाही म्हणून रिपोर्टमधे लोकांचा प्रतिसाद कमी असं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय. बाळ सुकत चाललं की आधी नवस का होतो आणि मग दवाखाना का, हे विचारायचं कुणाच्या फॉर्ममधे नव्हतंच. म्हणजे गोऱ्या मिशनऱ्याला आपण नावं ठेवतो ती ठेवाच, पण अमळनेर-जळगावची शिकलेली माणसं सातपुड्यात जातात तेव्हा तीही परदेशीच असतात, फक्त पासपोर्ट लागत नाही. आणि फरक असलाच तर त्या जुन्या मिशनऱ्यांच्या बाजूने आहे, ते तिथे वर्षानुवर्षं राहिले, भाषा शिकले, त्यांची पोरं तिथेच मेली. आम्ही तर घाट उतरून जेवायला घरी.

हे मी इथे येऊन शिकले आणि हेच शिकायला पैसे घालतेय, असं आत्याला सांगायचं राहिलंय.

प्रॅक्टिकल पण असतं. शिकागोच्या उत्तरेला डेव्हन अव्हेन्यू आहे, आपल्या लोकांचा रस्ता, मेथी मिळते, तुरीची डाळ मिळते, त्याच भागात रोहिंग्या निर्वासितांचीही वस्ती आहे. त्यांच्यातल्या काही घरी निर्वासितांना मदत करणारी एजन्सी आम्हाला पाठवते, शाळेचे फॉर्म, बसचं कार्ड, दवाखान्याची अपॉइंटमेंट. हिंदी सिनेमाच्या जोरावर माझं बरंचसं भागतं. पहिल्यांदा गेलो तर घरातल्या बाईने चहा आणि तळलेलं काहीतरी पुढं केलं, माझ्या सोबतची अमेरिकन मुलगी बिचारी नको नको म्हणतेय, तिला वाटतं यांचा खर्च कशाला. मी म्हटलं अगं खा, तू नाही खाल्लंस तर आपण पुन्हा आलो तरी ही बाई आपल्याशी कामापुरतंच बोलेल. तिने खाल्लं. मग त्या बाईने स्वतःहून सांगितलं की इंग्लिशचा क्लास वगैरे नंतर बघू, मला आधी बांगलादेशच्या कॅम्पात आईला पैसे कसे पाठवायचे ते दाखवा. एजन्सीच्या यादीत ते कामच नव्हतं.

आता पैशाचं आणि नोकरीचं, कारण शेवटी तेच विचारणार आहात. मी अर्ज केला तेव्हा व्हिसाची फी 185 डॉलर होती, त्याआधी सेव्हिसचे म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे 350 डॉलर, आणि कॉलेजची फी आपल्या हिशोबाने भयानक, स्कॉलरशिप मिळाली नसती तर मी आज जळगावलाच असते. एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं, मी मेसमधे भांडी घासते, हो, एमएसडब्ल्यू होऊन. शिक्षण झाल्यावर 12 महिने ओपीटीवर, म्हणजे त्याच व्हिसावरच्या कामाच्या परवानगीवर नोकरी, कॉम्प्युटरवाल्यांना वरचे 24 महिने मिळतात ते या विषयाला नाहीत. एजंट हे सांगत नाहीत म्हणून मी सांगतेय.

आणि नोकऱ्यांची हवा सध्या वाईट आहे, उगाच गोड लिहीत नाही. पुढे जायचं कुठं तर निर्वासितांच्या संस्था, वर्ल्ड व्हिजनसारख्या मदत संस्था, दुसऱ्या देशात इंग्लिश शिकवणं, बायबल भाषांतर, आणि अर्थातच मिशन. जानेवारी 2025 मधे अमेरिकेने निर्वासित घ्यायचा कार्यक्रमच थांबवला, त्या वर्षी जुलैत यूएसएड, म्हणजे परदेशांना मदत देणारं अमेरिकन सरकारी खातं, बंद झालं, आमच्या सीनियर लोकांना मिळालेल्या ऑफर परत गेल्या. भारतात तर परदेशी पैशाचे नियम कडकच, कम्पॅशन इंटरनॅशनल ही ख्रिश्चन मदत संस्था 2017 मधे तिथलं काम गुंडाळून गेली, वर्ल्ड व्हिजन इंडियाचं परदेशी देणग्या घ्यायचं एफसीआरए लायसन 2024 मधे रद्द झालं. तेव्हा ख्रिश्चन कॉलेजची डिग्री घेऊन नंदुरबारला काम करायला गेले तर पहिल्या दिवशी माझ्याकडे कसं बघतील याचा अंदाज मला आहे. बघू द्या. धडगावला परत जायचंच आहे, आधी पावरी शिकायची आणि निदान एक पावसाळा तरी वर राहायचं एवढं पक्कं केलंय, आईला अजून सांगितलेलं नाही, तेव्हा वाचणाऱ्यांपैकी कुणी घरी फोन करू नका.

बाकी कुणाला अर्ज, स्कॉलरशिपचा निबंध, पास्टरची चिठ्ठी न मागणारं कॉलेज कसं शोधायचं असलं काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा, जमेल तसं सांगेन. फक्त आपल्याकडे रात्री नऊनंतर मेसेज टाका, मी तोवर उठलेली असते.